तेरा गुणिले चोवीस

हर्षदाच्या पत्राला मी नऊ दिवस उत्तर दिलं नव्हतं. ती माझ्या धाकट्या भावाची नात, धुळ्याला पॉलिटेक्निकमध्ये शिकते. फोनवर माझी जीभ जड होते हे तिला ठाऊक, म्हणून तिने पत्र लिहिलं होतं.

‘आजोबा, मागावरचं कापड मोजणारं यंत्र केलंय. त्यातल्या स्वस्त चिपला गुणाकार येत नाही. बेरीज, दुप्पट आणि निमपट एवढंच येतं. ती हजार वेळा बेरीज करत बसते, तोवर माग पुढे पळतो. तुम्ही तिकडे सुरतेत पांडेसऱ्याच्या मिलमध्ये दुप्पट-निमपट करून तोंडी गुणाकार करायचात, ती रीत लिहून पाठवा. सोमवारी परीक्षक येणार आहेत.’

एकतीस वर्षं घडीखात्यात साड्या मोजल्या, पण रीत कागदावर येईना. तेरा गठ्ठे, दर गठ्ठ्यात चोवीस साड्या. तेराचे साडेसहा, चोवीसचे अठ्ठेचाळीस. साडेसहाचे सव्वातीन. पुढे नुसत्या चिंध्या. घडीखात्यात तुकडा फेकायची सोय नव्हती, म्हणून अर्धं सोडायला मन धजेना. चुकीचं लिहिलं तर पोरीचं हसं होईल, या भीतीने मी सात कागद फाडले.

गुरुवारी सकाळी माझ्या बायकोने, प्रमिलाबाईने, आठवा कागद हातातून काढून घेतला.

“अहो, अर्धी साडी कोन नेसस? ती बाजूले ठेवा ना.”

मी नवा कागद ओढला. बाजूला. तेरा विषम, एक गठ्ठा उरतो. त्याचे चोवीस आधीच बाजूला काढायचे, मग अर्धं खुशाल सोडायचं. सहा, अठ्ठेचाळीस, सम, बाजूला काही नाही. तीन, शहाण्णव, बाजूला. एक, एकशे ब्याण्णव, बाजूला. चोवीस, शहाण्णव, एकशे ब्याण्णव: तीनशे बारा. चार फेऱ्यांत!

मग मला आवरेना. जिन्याच्या पायऱ्या गुणल्या, प्रमिलाबाईच्या बरणीतले लाडू गुणले.

“आता मले गुणू नका,” ती म्हणाली. “पोस्टात जा.”

‘पहिला आकडा विषम असेल तर दुसरा बाजूच्या बेरजेत घाल. मग पहिला निमपट, अर्धं सोडून दे, आणि दुसरा दुप्पट. पहिल्याचं शून्य झालं की थांब,’ असं लिहून मी पर्वत पाटियाच्या पोस्टात धावलो. सत्तरीत धावलो.

“शनिवारे पोहोची जशे, काका,” खिडकीतला गुजराती कारकून म्हणाला. “पण तमे हसो छो केम?”

अनोळखी माणसाशी मी सहसा बोलत नाही. त्याला तेरा-चोवीस पूर्ण समजावलं. मागची रांग कुरकुरली. त्याने स्वतः सतरा गुणिले नऊ करून पाहिलं, एकशे त्रेपन्न आले, तोही हसला, आणि त्याने माझ्या पाकिटावर शिक्का मारून ते थैलीत टाकलं.