शकूचा पाय

घोटा बुडाला की पाणी पुरे, हा उन्हाळी भाताचा नियम कशेळ्याच्या त्या अंगाला कुणी लिहिला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता. खाचरात घरचं माणूस उभं करायचं, कालव्यातून येणाऱ्या चारीचं तोंड उघडायचं आणि त्याचा घोटा पाण्याखाली गेला की तोंड बंद करून पाणी पुढच्या शेताला सोडायचं. घोटा कुणाचा, हे मात्र ठरलेलं नव्हतं. मेख तिथंच होती.

शकू पाणी वापर संस्थेची अध्यक्ष होती. भांडणाला घाबरत नाही म्हणून गावानं ते घोंगडं तिच्या गळ्यात टाकलं आणि तिनंही ते हौसेनं घेतलं. अंगानं चांगली दणकट बाई. सासू अंबूबाई जेवायला वाढताना रोज टोचायची, "बास कर गं, जमीन खचंल!" शकू हसायची आणि दुसरी भाकरी घ्यायची.

यंदा वरच्या धरणात साठा कमी होता. पाण्याची आजची पाळी शेवटची, संध्याकाळी कालवा बंद, असं पाटकरी सांगून गेला होता. सगळ्यात शेवटचं शेत बुधाजीचं. त्याचं भात नेमकं निसवत होतं, लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या. आज पाणी मिळालं नाही तर लोंब्या पळंज राहणार, एक दाणा भरणार नाही. गेल्या पाळीलाही पाणी त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं, आणि ते मध्येच कुठं जिरतं हे शकूला उमगत नव्हतं.

पहिलं शेत तिच्या दिराचं, हर्षदचं. उन्हं डोक्यावर आली तरी तिथलं तोंड उघडंच. खाचरात पदर डोक्यावर घेऊन अंबूबाई उभी.

"हर्षद, किती वेळ रं?" शकूनं बांधावरून विचारलं.

"नियम हाय वहिनी. आईचा घोटा अजून कोरडा हाय, बघा की!"

घोटा खरंच कोरडा होता. शकूनं सासूच्या पायांकडं नीट पाहिलं आणि तिची ट्यूब पेटली. म्हातारी काटकुळी, वाऱ्यानं उडेल अशी. चिखलात रुततच नव्हती. तिचा घोटा बुडायचा म्हणजे निम्मा कालवा इथंच रिकामा व्हायचा.

शकूनं लुगडं खोचलं आणि ती सासूशेजारी उतरली. चिखलानं तिचे पाय गपकन आत घेतले. पाणी घोट्याच्या वर, पार नडगीला लागलं.

"हे बघ. माजा घोटा कवाच बुडला. आजपास्नं समद्या शेतांत एकच पाय. माजा."

"तुमचाच का?"

"जड हाय म्हणून. जड पायाला थोडक्यात भागतं, आन् उरलेलं खाली जातं."

"म्हंजे आता वहिनींच्या वजनावर गावची शेती!" हर्षद बांधावर पाळीची वाट बघत थांबलेल्या लोकांकडं बघून म्हणाला. लोक हसले. शकू सगळ्यांत मोठ्यानं हसली. इतकी वर्षं ऐकून घेतलेलं आपलं वजन आज कामाला येतंय, याचा तिला मनापासून आनंद झाला होता.

"आई, तुमी वर या."

अंबूबाई बांधावर चढली आणि लेकाकडं वळली. "मला म्हनलास, पायाला गारवा लागंल, जरा उभी राव. माज्या हाडांवर पाणी चोरतोस व्हय रं?" हर्षदनं फावडं उचललं आणि चारीचं तोंड बंद केलं.

पुढचं शेत शकूचं स्वतःचं. हर्षद मुद्दाम बघायला आला. तिथं घोटा चहा उकळायच्या आत बुडाला. आपल्या हिरव्यागार भाताकडं तिनं एकदा बघितलं. अजून घोटभर मिळालं असतं तर बरं झालं असतं. पण फावडं मारून तोंड तिनं स्वतःच बंद केलं.

मग एकामागून एक शेतं ती तुडवत गेली. दिवस कलायला पाणी बुधाजीच्या बांधाला लागलं. बुधाजी चारीपाशी उकिडवा बसून पाण्यात हात घालून राहिला. शकू खाचरात उतरली. घोटा बुडाला तसा तो सवयीनं फावड्याकडं वळला.

"मारू का बंद, शकूबाय?"

"कशाला? तुज्या पुढं कोन हाय? कालवा बंद होईस्तोवर येईल ते समदं तुजं."

रात्री जेवताना अंबूबाईनं शकूच्या ताटात तिसरी भाकरी टाकली.

"पुरे आता, आई."

"गप खा," अंबूबाई म्हणाली. "पुढल्या सालाला पाय हलका झाला तर बुधाजीनं कुनाकडं बघायचं?"