टायरचा दिवा कुणी विझवला

फोसू गावाच्या अलीकडे गाडी डावीकडे ओढायला लागली, तेव्हा सेरवाने आधी रस्त्याच्या नावाने बोटं मोडली. मग समोर पाहिलं. टायरमधली हवा कमी झाली की पेटणारा पिवळा दिवा काही पेटला नव्हता. पण कुमासीच्या बाजारात जपानी गाड्यांचे जुने पार्ट विकण्यात तिची निम्मी हयात गेलेली. दिव्यापेक्षा हातातल्या स्टिअरिंगवर तिचा जास्त भरवसा. पंक्चरवाला दिसताच तिने गाडी बाजूला घेतली.

मागे अफ्रियेची पत्र्याची पेटी, कसाव्याची भरड गारी आणि शितोच्या तिखट चटणीच्या बरण्यांनी भरलेला लाकडी खोका, गादी, बादली. एकुलती एक लेक आज केप कोस्टच्या बोर्डिंगला चालली होती. "आई, भाजलेली केळी आणते गं," म्हणत ती समोरच्या बाईकडे पळाली.

पंक्चरवाला अग्येई मोठा बोलघेवडा. त्याने एकेका टायरला मापक लावला आणि पुढच्या डाव्या चाकापाशी फतकल मारली. "मॅडम, बाकी तिन्ही ठणठणीत. यात मात्र निम्मीच हवा. अजून थोडी दामटली असती तर आज मी तुम्हाला नाही, तुम्ही मला वरून बघितलं असतं. दिवा नाही लागला?"

"नाही."

"मग बिघडलाय. जपानी माल म्हातारा झाला की असंच."

सेरवाने किल्ली फिरवली. सगळ्या दिव्यांबरोबर तोही क्षणभर पेटला. दिवा शाबूत होता. म्हणजे कुणीतरी त्याला गप्प केलं होतं.

स्टिअरिंगखाली एक बटण असतं. आधी चारही टायरमध्ये हवा भरायची, मग ते दाबून धरायचं. दिवा तीनदा लुकलुकतो आणि गाडी समजते, हीच हवा बरोबर. पण टायर मऊ असताना दाबलं, तर गाडी त्या मऊ टायरलाच बरोबर धरून बसते आणि तोंड मिटून घेते. भंगार गाडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारे भामटे हेच तर करतात! सेरवाची गाडी दोघंच चालवायची. एक ती. दुसरा तिचा नवरा ओपोकू. आणि त्याला ते बटण तिनेच शिकवलं होतं.

"हा बघा पाहुणा," म्हणत अग्येईने पक्कडीने खिळा उपसला. रुंद टोपी, खाली रबराची चकती. छपराचे पत्रे ठोकायचा खिळा.

सेरवा बघतच राहिली. त्यांचं स्वतःचं घर भिंतींवरच थांबलं होतं. आत गवत माजलं होतं. छपराचा विषय काढला की ओपोकू म्हणायचा, "पत्रे किती महागलेत, बघतेस ना? जरा दम धर." दुकानाची कमाई ती विश्वासाने त्याच्या हातात देत होती. माणूस गेला की त्याचं सगळं बहिणीच्या पोरांचं, ही तर त्यांच्या समाजातली जुनीच रीत. म्हणून तिने लग्न नवं होतं तेव्हाच सांगून ठेवलं होतं, घर दोघांच्या नावावर होईल. तो हसून हो म्हणाला होता.

तिने फोन लावला.

"पोचलात?" ओपोकूने विचारलं.

"पोचलो असतो, वर! टायरमधून छपराचा खिळा निघालाय. कुणाचं छप्पर घालतोयस?"

"हॅलो? आवाज तुटतोय गं."

"ओपोकू, मी विचारतेय."

"हे बघ, चिडू नकोस. बहिणीचं घर आहे. तिच्या पोरांना कोण आहे माझ्याशिवाय? मी मामा आहे. घराण्यात तोंड दाखवायचं तर मला..."

"माझ्या पैशाने?"

"मी सांगणारच होतो गं."

"आणि दिवा? दिवा विझवताना कुठलं घराणं आठवलं?"

"दिवा दिसला असता तर तू टायर उघडला असतास, खिळा बघितला असतास. काल रात्री पंक्चरवाला बंद होता, आणि हवा हळूहळू जात होती. मला वाटलं, केप कोस्टपर्यंत धरेल."

"पोरगी होती माझ्या शेजारी! तुझी पोरगी!"

"सेरवा, ऐक तर..."

तिने फोन बंद केला. घर लपवलं, पैसे लाटले, त्यावर ती भांडली असती, रडली असती, कदाचित गिळलंही असतं. पण गुपित झाकायला त्याने दोघींना जाणूनबुजून त्या टायरवर बसवून हमरस्त्याला लावलं होतं. हे तिला गिळवेना.

अग्येईने चाक चढवलं, चारही टायर भरले. मग फडक्याला हात पुसले. सेरवा आत बसली, किल्ली फिरवली आणि बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकला.

केळी आणि शेंगदाणे घेऊन अफ्रिये शेजारी येऊन बसली. "अय्या, बाबांनी दाबलं तेव्हाही अस्संच झालं होतं."

"तू होतीस?"

"हो, काल नव्या घरी गेलो होतो ना." पोरीने जीभ चावली. "बाबा म्हणाले होते बोलू नकोस, आईला एकदम दाखवू. छप्पर निळं आहे, आई! कोपऱ्यातली खोली माझी. पहिल्या सुट्टीत मी थेट तिथेच येणार ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं! पोरगी आनंदात शाळेत गेली असती.

"अफ्रिये, ते घर आपलं नाहीये."

"म्हणजे? बाबांनी मला खोली दाखवली."

"आत्याच्या मुलांची आहे ती. बाबा तुझ्याशी खोटं बोलले. माझ्याशीही."

अफ्रियेच्या हातातली केळी तशीच राहिली. मग तिने तोंड खिडकीकडे वळवलं आणि ती रडायला लागली. सेरवाने तिच्या पाठीवर हात ठेवला, तर तिने तो झटकून टाकला.