सीटमागचं पॅनेल

गाडीतलं प्लास्टिकचं पॅनेल स्क्रूने बसवलेलं असतं असं आपल्याला वाटतं. बहुतेक ठिकाणी तसं नसतं. पॅनेलच्या पाठीला लहान लहान क्लिपा असतात आणि त्या पत्र्याच्या भोकांत घट्ट बसतात, झबल्याच्या टिचबटणासारख्या. टिचबटण उघडताना आपण कापड कुठेही धरून ओढत नाही. बटणाशेजारी बोट नेतो, म्हणजे कापड फाटत नाही. पॅनेलचंही तेच. कडेच्या फटीत बोटं घालायची, क्लिप कुठे आहे ते चाचपायचं आणि अगदी तिच्याजवळ दाब द्यायचा. सुटायच्या आधी क्लिप किंचित थरथरते. ते बोटांना कळतं. डोळ्यांना दिसत नाही.

पोलादपूरला, महाबळेश्वरच्या फाट्यावर, श्रीपत आणि महिपत यांचं गॅरेज होतं. दोघेही नाते गावाजवळच्या एकाच बौद्धवाडीतले, मुंबईत एकाच मिस्त्रीच्या हाताखाली शिकून परत आलेले. इंजिन महिपतने खोलायचं, आणि दरवाजे, डॅशबोर्ड, आतली पॅनेलं श्रीपतने. श्रीपतच्या हातून क्लिप मोडलेली कुणी पाहिली नव्हती.

पण वर्षभरापासून त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झाली होती. मग तळव्याची कड गेली. कोपराखाली एक फिकट चट्टा उठला होता, त्यावर माशी बसली तरी कळत नव्हती. असा चट्टा त्याने लहानपणी वाडीतल्या एका माणसाच्या पाठीवर पाहिला होता. त्या माणसाला पुढे नदीकडच्या खोपटात राहावं लागलं आणि त्याची भाकरी दगडावर ठेवली जाई. म्हणून श्रीपत भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घाली. बायकोला, काशीबाईला, त्याने उष्णतेचा डाग म्हणून सांगितलं होतं. ही गोष्ट फुटली तर आपलं गॅरेज जाईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शहाऐंशी सालच्या वैशाखात एक बुटकी लाल गाडी, इंजिन बंद, उतारावरून नुसती घरंगळत गॅरेजपुढे येऊन थांबली. परदेशी, दोनच माणसांची. आंबेनळी घाट चढताना तिचं पाणी उकळलं, म्हणून ती अर्ध्यातून वळवून परत आणली होती. चालवणारा यज्ञेश्वर मूळचा महाडच्या दुकानदार घरातला, आता मुंबईकर. बरोबर त्याची बायको सुनीती.

"मेव्हण्याची गाडी आहे," यज्ञेश्वर म्हणाला. "आत ओरखडा उठला तर हिचं माहेर तुटेल."

"माझं कशाला तुटेल? तुमचं सासर तुटेल," सुनीती म्हणाली.

महिपत हसला. वाकून, कान लावून त्याने गाडी पाहिली. "इंजिन सीटच्या पाठी हाय सायेब. पाण्याचा पाइप तिथंच गळतोय. मागचं पॅनेल काढल्याबिगर हात पोचायचा नाय. श्रीपत, ये रे."

श्रीपतने सीटा सोडवून बाहेर ठेवल्या. फटीत बोटं घातली. उजव्या हाताला क्लिप लागली, सुटली. डाव्या बाजूला त्याने अंदाजाने दाब दिला. टक्! क्लिप मोडली. थोडं पुढे पुन्हा टक्!

"अहो, काय करताय!" यज्ञेश्वर ओरडला.

"प्लास्टिक वाळलंय सायेब. उन्हाने."

"बायकोशी भांडून आलास काय रे?" महिपत म्हणाला. "तिचा राग पॅनेलवर काढतोस?"

श्रीपत हसला नाही. पॅनेल निघालं. त्याने ते गाडीतच कडेला टेकवून ठेवलं आणि पाइपावरची पट्टी आवळायला तो आत वाकला. इंजिन अजून तापलेलं होतं. धुराड्याच्या लोखंडी नळीपासून हात लांब ठेवायचा, हे मुंबईत पहिल्याच दिवशी शिकवतात. उजव्या हाताने तो स्क्रू फिरवत होता. आधाराला डावा हात त्याने कुठेतरी टेकला.

"काहीतरी जळतंय," सुनीती म्हणाली.

"पॅनेल! पॅनेल टेकलं असेल गरम पाइपाला!" यज्ञेश्वर धावला. महिपतने पॅनेल उचलून उलटंपालटं केलं. ते थंड होतं. वास मात्र वाढतच गेला. श्रीपत शांतपणे स्क्रू आवळत होता.

सुनीतीने आत डोकावून पाहिलं. "अहो, त्यांचा हात!"

श्रीपतने हात ओढला. थोडी कातडी नळीवरच राहिली. तो ओरडला नाही. ओरडायला हवं होतं हे त्याला जरा उशिरा सुचलं, आणि मग तो "आई गं" म्हणाला.

महिपत त्याच्याकडे बघत राहिला.

फाट्यावरच्या चहावाल्या तुळजाबाईने खोबरेल आणि फडकं आणलं. पॅनेल महिपतनेच बसवलं. मोडक्या क्लिपांच्या जागी ते जरा उचललेलं राहिलं. यज्ञेश्वरने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. गाडी निघून गेल्यावर महिपतने श्रीपतची बाही वर सारली.

"कधीपासून?"

"वरीस झालं."

"रगतपिती हाय ही. मला का नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर माझ्या हातचं पाणी प्याला असतास?"

"आपल्या बापांनी चवदार तळ्यात उतरून पाणी प्यालं, नि तू मला असं इचारतोस?"

"म्हनूनच इचारतोय," श्रीपत म्हणाला.

आत जाऊन महिपतने पसरट डब्यात रॉकेल ओतलं आणि पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर एकेक करून त्यात धुवायला घेतले. श्रीपत दाराशी बसून बघत होता.

"लई चिकटा बसलाय," महिपत मान वर न करता म्हणाला.

"व्हय," श्रीपत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी महिपत स्वतःहून त्याच्याबरोबर महाडला आला. एसटीत त्याने श्रीपतला खिडकीची जागा दिली आणि आपण उभाच राहिला. बरीच बाकं रिकामी होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी श्रीपतला डोळे मिटायला लावले आणि कापसाचं टोक त्याच्या बोटांना लावलं. "कळलं की सांगा." बराच वेळ खोलीत कुणीच बोललं नाही. मग डॉक्टर म्हणाले, कुष्ठरोग आहे, गोळ्यांनी थांबेल, घरी राहायला हरकत नाही.

"एकाच पान्याला दोघांनी हात लावला तर?" महिपतने विचारलं.

"काही होत नाही."

महिपतने मोठा श्वास सोडला. मग तो पुढे आला आणि श्रीपतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ऐकलंस ना? उद्यापासनं ये कामावर."

"कसलं काम?" डॉक्टरांनी विचारलं. महिपतने सांगितलं. डॉक्टरांनी जळालेला हात पुन्हा उलटून पाहिला. "ते बंद. ज्या हाताला चटका कळत नाही, तो हात इंजिनात घालायचा नाही. असं पुन्हापुन्हा होईल आणि बोटं झडतील. लोक म्हणतात रोगाने झडतात. ती अशी झडतात."

"बोटांना पुन्हा कळायला कधी लागंल?" श्रीपतने विचारलं.

"वर्षभर आधी आला असतात तर कदाचित. आता नाही."

महिपतचा हात अजून खांद्यावरच होता. तो बाजूला काढावा की राहू द्यावा, हे त्याला कळत नव्हतं. डॉक्टरांनी पुढच्या माणसाला हाक मारली.