दांडगट मरेना

ते जहाज एवढं मोठं होतं, की पुढच्या टोकाला जुंपलेलं भांडण मागच्या टोकाला पोचेपर्यंत भांडणाऱ्यांची सोयरीक झालेली असे. हे इस्त्रीवालीचा नवरा सांगायचा, आणि तो त्याच जहाजाच्या पोटात भट्टीत कोळसा ओढायचा, तेव्हा त्याला खोटं कोण पाडणार? वरच्या मजल्यावर झुंबरं, गालिचे, पाहुण्यांच्या कुत्र्यांना फिरवून आणायला वेगळा माणूस. खालच्या मजल्यावर माणसांनाच फिरायला जागा नाही. मधल्या जिन्यावर लोखंडी जाळीचं दार आणि दाराला कुलूप. का, तर खालच्यांच्या पायांची घाण वरच्या गालिच्याला लागू नये.

जहाज बुडालं तेव्हा गालिचा अगदी स्वच्छ होता.

मग चौकशी झाली. कंपनीची चौकशी, कंपनीच्याच दिवाणखान्यात, कंपनीच्याच खुर्च्यांवर, कंपनीचाच चहा पीत. निकाल लागला: कॅप्टन थोर, होड्या पुरेशा, फक्त खालचे लोक बिथरले. त्यातल्या चौकड्यांच्या शर्टातल्या एका दांडगटानं बायकापोरांना लाथाडून होडी बळकावायचा प्रयत्न केला, म्हणून नाइलाजानं गोळी घालावी लागली.

तो चौकड्यांचा शर्ट इस्त्रीवालीनं स्वतःच्या हातानं धुतलेला होता. दांडगट म्हणजे तिचा नवरा.

त्या रात्री ती लेकीला घेऊन खालच्या मजल्यावर होती, आणि तिनं डोळ्यांनी पाहिलं ते असं: कुलूप निघेना, तेव्हा नवरा भट्टीवरून धावत आला, जाळीच्या दाराला पाठ लावून उभा राहिला आणि दाराच्या वरच्या फटीतून एकेक पोर पलीकडे द्यायला लागला. पलीकडे पिस्तूलवाला साहेब ओरडत होता, "मागे व्हा!" मागे पाणी होतं. साहेबानं गोळी झाडली, नवरा कोसळला आणि साहेब स्वतःच घाबरून पळाला. मग लोकांनी दार मोडलं, पण तोवर होड्या अर्ध्या रिकाम्या निघून गेल्या होत्या. हाताला लागेल ती फळी धरून तरंगले तेवढेच वाचले.

फटीतून गेलेल्या पोरांत तिची लेकही होती. आता मोठी होऊन ती बेकरीच्या गल्ल्यावर बसायची, आणि पाव घ्यायला आलेली गिऱ्हाइकं पाव घेता घेता म्हणायची, "त्या दांडगटाची ना ही?" लेकीनं ठरवून टाकलं होतं. "आई, मी बाबांचं नाव लावणार नाही. अर्ज देऊन टाकते."

"अगं, त्यानं तुला स्वतः उचलून..."

"तू बायको त्याची. तू दुसरं काय सांगणार? मला तर काळे हात सोडून काहीसुद्धा आठवत नाही."

इस्त्रीवाली आतून निखाऱ्यांवर ठेवलेल्या इस्त्रीसारखी तापत राहिली.

त्यातच कंपनीनं नवं जहाज बांधलं, आणि त्याची जाहिरात म्हणून जुन्या जहाजाचं नाटक काढलं! मेलेल्यांच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच. कॅप्टन नायक, शेवटच्या अंकात दांडगटाला गोळी, तो धाडकन पडतो, पडदा, टाळ्या. कपड्यांची इस्त्री करायला थिएटरनं जी बाई लावली ती नेमकी हीच. कुणाची बायको हे विचारायची तसदी कोण घेतो?

तालीममास्तर फार हुशार माणूस. इतका हुशार, की शहाणपणाला त्याच्या डोक्यात जागा उरली नव्हती. बुडत्या गर्दीचा गलका त्याला खरा हवा होता. म्हणून त्यानं खालच्या मजल्यावरून वाचलेली खरीच माणसं गोळा केली. वाक्य कुणालाच नाही. "तुम्ही फक्त किंचाळायचं," तो म्हणाला, "सवय आहेच तुम्हाला."

हे ऐकून एक म्हातारी शिंपीण म्हणाली, "मास्तर, आम्ही किंचाळलो नव्हतो हो. रांगेत उभे होतो."

"रांगेला तिकीट काढून कोण येतं, आजी?"

दांडगटाचं काम करणारा नट पिंपासारखा गोल होता, म्हणून सगळे त्याला ढोल्या म्हणत. रोज दुपारी तालमीआधी तो चौकड्यांचा शर्ट घ्यायला इस्त्रीच्या खोलीत यायचा. एके दिवशी इस्त्रीवालीनं शर्ट हातात दिला आणि सगळं सांगून टाकलं. ढोल्यानं शर्ट इस्त्रीच्या मेजावर ठेवला.

"मावशी, उभ्या नाटकात मला टाळ्या पडणार त्या मेल्यावरच. तेवढ्या सोडू म्हणता?"

"माझा माणूस मेला तेव्हा कुणी वाजवल्या नाहीत रे."

"आणि मास्तर मला हाकलेल त्याचं काय?"

"हाकलेल तर खरंच," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू?"

ढोल्या शर्ट न घेताच निघाला, दारातून परत आला, शर्ट उचलला आणि विचारलं, "हात कसे होते त्याचे?"

पहिला खेळ दुपारचा. पुढच्या खुर्च्यांत जहाज कंपनीचा मालक, शेजारी चौकशीवाले साहेब. वर गॅलरीत स्वस्तातली माणसं, आणि त्यांत आईनं जबरदस्तीनं आणून बसवलेली लेक. इस्त्रीवाली स्वतः गर्दीत घुसून उभी, रंगमंचावर.

शेवटचा अंक आला. कॅप्टननं पिस्तूल रोखलं. गर्दीनं किंचाळायचं होतं. गर्दी एकामागे एक रांगेत उभी राहिली, गप्प. विंगेत मास्तर केस उपटत होता, "गलका! अरे, गलका करा!"

धडाम! बार झाला. ढोल्या पडला नाही. त्यानं पोराची बाहुली उचलली आणि डोक्यावरून पलीकडे दिली. त्याचे हात कोपरापर्यंत कोळशानं काळे होते.

"मर की," कॅप्टन दातओठ खात पुटपुटला आणि त्यानं पुन्हा बार काढला.

"मरायला वेळ आहे, साहेब," ढोल्या खणखणीत आवाजात म्हणाला. "आधी पोरं वर जाऊ द्या."

लोक पोट धरून हसले. आता पडदा पाडायचा तरी कसा? पडदेवाला ठार बहिरा. त्याची रीत एकच: विंगेच्या भोकाला डोळा लावायचा आणि दांडगट पडला की दोर सोडायचा. मास्तर त्याच्या कानाशी बोंबलत होता, आणि पडदेवाला हातानं खुणावत होता, "थांबा हो, पडला नाहीये अजून!" कॅप्टननं एवढे बार काढले की धुरानं त्याच्या मिशीचा डिंक सुटला. दांडगट मरेना. तो एकेक पोर वर देत राहिला, आणि गर्दीतला जो तो पुढे होऊन आपापलं बाहुलीचं पोर त्याच्या हातात देत राहिला. ज्यांचं पोर त्या दिवशी मागेच राहिलं होतं, त्यांनीही दिलं. रिकाम्या हातांनी दिलं.

हसू कधी थांबलं ते कुणालाच कळलं नाही.

तेव्हा इस्त्रीवाली पुढे आली. "मालक," ती म्हणाली, "तुमच्या नाटकात जाळीचं दार नाही. विसरलात होय? की नव्या जहाजासाठी जपून ठेवलंत?"

"ह्या बाईला बाहेर काढा!" मालक उठला.

"काढा ना. मला निदान बाहेर काढता तरी येतं." तिनं वर बघितलं. "गॅलरीतल्या मंडळींनो, जरा मागे जाऊन बघा. तुमच्या जिन्याचं दार उघडं आहे का?"

खेळ सुरू झाला की गॅलरीच्या जिन्याला थिएटरवाले कुलूप घालत. का, तर वरचे फुकटे खाली येऊन खुर्च्यांवर बसू नयेत. हे सगळ्यांना माहीत होतं आणि आजवर कुणाच्या मनात काही आलं नव्हतं. आता कुणीतरी जाऊन दार हलवलं. कुलूप खडखडलं. त्या आवाजानं जी चीड उसळली, ती पाहून मास्तरला वाटलं असेल, हाच गलका तालमीत मिळाला असता तर!

शेवटी मालकाला स्वतः किल्ली मागवावी लागली, कारण अख्खी गॅलरी त्याच्या डोक्यावर उभी राहून त्याच्याकडे बघत होती.

दार उघडलं. सगळ्यांत आधी लेक खाली आली. गालिच्यावरून चालत, मालकाच्या खुर्चीसमोरून, थेट रंगमंचापर्यंत. ढोल्याचे हात अजून वरच होते. तिनं ते काळे हात धरले, निरखून बघितले आणि चौकशीवाल्या साहेबाकडे वळली.

"तो दांडगट माझा बाप," ती म्हणाली. "नाव लिहून घ्या."

आणि तिनं बापाच्या नावासकट आपलं पूर्ण नाव सांगितलं, वर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

ढोल्या तेव्हा कुठे दमून मटकन खाली बसला. भोकातून पडदेवाल्यानं ते पाहिलं आणि दोर सोडला.