त्रिनेत्राला दिसलेली तारीख

मैसूरच्या त्या कंपनीत दसरा होऊन आठवडा उलटला होता, तरी प्रत्येक कॉम्प्युटरच्या कपाळी आयुधपूजेचं कुंकू तसंच होतं. त्याला तिथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या तिप्पेशची हरकत नव्हती. त्याचे सुतार वडीलही दरवर्षी करवतीला कुंकू लावायचे. पण करवतीला कौल लावताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. इथे मात्र शिकलेसवरलेले इंजिनिअर मोठ्या पडद्यापुढे हात जोडून उभे होते, आणि ते बघून त्याला शिसारी येत होती.

पडद्यावर होता ‘त्रिनेत्र’. प्रश्न विचारला की कंपनीच्या हजारो फायली स्वतःच धुंडाळून उत्तर देणारा एआय एजंट. त्याला ‘जागृत’ करणारे प्रणवगुरू रेशमी कुर्त्यात बाजूला उभे होते.

“विचारा, निःशंक विचारा! माझ्या त्रिनेत्राला प्रत्येक फाइलचा जन्म दिसतो, जन्मदाता दिसतो!”

“माझी ही फाइल?” कंपनीतल्या शरावतीने भीतभीत विचारलं.

“आज सकाळी, शरावती यांनी बनवली,” त्रिनेत्र म्हणाला.

“अगंबाई! अगदी बरोबर!” शरावतीने देवापुढे मारतात तशा चक्क गालांवर चापट्या मारून घेतल्या. तिप्पेशने कपाळावर हात मारला.

मग मालक रंगनाथराव पुढे झाले. कंपनीने एका इस्पितळाला सलाइनचे पंप पाठवले होते. पंपाचा धोक्याचा गजर माल पाठवण्याआधी तपासला होता का, अशी इस्पितळाने विचारणा केली होती. तो तपासला होता ललितांबाने, आणि तिचा अहवाल फायलींत होता. तो कधी बनवला, एवढंच रंगनाथरावांनी विचारलं.

“हा अहवाल आयुधपूजेच्या दुपारी बनवला,” त्रिनेत्र म्हणाला.

माल तर पूजेच्या आधीच गेला होता.

“पाहा!” गुरू कडाडले. “सगळे पूजेचा पुळियोगरे भात खात होते, तेव्हा ह्या बाई खोटा अहवाल रचत होत्या!”

“अहो, मी त्या दिवशी आले कुठे होते? सासूबाई तापाने फणफणल्या होत्या. चाचणी मी माल जायच्या आधीच केली. देवाशपथ!” ललितांबा कळवळून म्हणाली.

“शपथा नकोत. राजीनामा द्या, आणि मुकाट्याने जा,” रंगनाथराव म्हणाले.

रोज तिच्या डब्यातलं चित्रान्न मिटक्या मारत खाणारे तिच्यापासून हळूच बाजूला सरकले. थूत् तुमच्या शिक्षणावर, असं तिप्पेशच्या अगदी ओठांवर आलं.

“सर, मलाही एक विचारू द्या,” तो पुढे झाला. “जुन्या फोटोंत तुमची लग्नपत्रिका आहे. ती कुणी बनवली, कधी बनवली?”

“श्रद्धा नसलेल्याला उत्तर मिळत नाही हां!” गुरू घाईघाईने म्हणाले. त्रिनेत्राला ते कुठलं कळायला?

“ही पत्रिका आयुधपूजेच्या दुपारी प्रणव यांनी बनवली.”

कुणीतरी फिस्सकन हसलं.

“अभिनंदन सर! लेक कॉलेजात गेली, आणि गुरूंनी तुमचं लग्न आत्ता कुठे लावलं!” तिप्पेश म्हणाला.

“स्पंदनं बिघडली आहेत,” गुरू पुटपुटले.

“स्पंदनं गेली खड्ड्यात!” तिप्पेश उसळला. “ पूजेच्या मुहूर्तावर फायली साठवायचं नवं यंत्र आलं. जुन्यावरच्या सगळ्या फायली त्यावर ह्यांनीच उतरवल्या. म्हणून सगळ्यांवर तीच तारीख आणि ह्यांचंच नाव. शरावतीची फाइल नव्या यंत्रावरच जन्मली, म्हणून तेवढी बरोबर आली. चमत्कार कसला आलाय डोंबलाचा!”

“पण त्रिनेत्र इतकं छातीठोक कसं सांगतो?” रंगनाथरावांनी विचारलं.

“त्याला डोळे नाहीत, सर. आपण त्याच्या हाती फायली शोधायची, तारखा बघायची साधनं देतो, आणि हे काय करतं, काय करत नाही, ते प्रत्येक साधनापाशी लिहून ठेवतो. त्या लिहिण्यावर तो चालतो. गुरूंनी काय लिहिलंय ऐका: ‘हे सर्वज्ञ साधन फाइलचा जन्म आणि जन्मदाता सांगते. माहीत नाही असे कधीही म्हणू नकोस.’”

तिप्पेशने ते पुसलं आणि लिहिलं: ‘हे साधन फाइल या यंत्रावर कधी आली आणि कुणी ठेवली, एवढंच सांगते. ती मुळात कधी आणि कुणी बनवली, हे त्यावरून ठरवू नये. तसे विचारल्यास माहीत नाही म्हणावे.’ मग अहवालाबद्दल पुन्हा विचारलं.

“फाइल या यंत्रावर आयुधपूजेच्या दिवशी आली. मुळात कधी बनली, ते मला माहीत नाही.”

जुनं यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. ते चालू करून पाहिलं, तर अहवालावर माल जायच्या आधीची तारीख होती. मागे वळून बघेपर्यंत गुरू जिना उतरून पसार झाले होते.

“ललितांबा, चुकलो मी,” रंगनाथराव खाली मान घालून म्हणाले. “माफ करा.”

तिने पदराने डोळे पुसले.

“सर, पंपाचा गजर झाला की नर्स धावत येते. तो वेळेवर आणि खरा वाजतो की नाही, हे मी आधी शंभरदा तपासते, म्हणून तिचा त्यावर विश्वास. तुम्ही माझी नोकरी घ्यायला निघालात, तेव्हा ह्या तुमच्या त्रिनेत्राला एकदा तरी तपासलंत का हो?”

बाबांनो, यंत्र असो की बुवा, तो काय पाहून बोलतो एवढं आधी विचारा, आणि मगच माणसाकडे बोट दाखवा.