भटाऱ्याचा वाटा

चांदभाईंनी पळी रश्श्यात बुडवली, वर काढली आणि तोंडाजवळ न नेता नाकाखाली धरली. डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. मग मुठीत खडेमीठ घेतलं, त्यातलं निम्मं परत बरणीत टाकलं आणि उरलेलं डेगेत गोल फिरवून सोडलं. बाजूला उभ्या असलेल्या गहिनीनाथांचा जीव खालीवर होत होता. तीनशे माणसांचं जेवण, आणि मीठ नाकानं चाललेलं.

तसं त्यात नवीन काही नव्हतं. कंदुरीचं, म्हणजे पिराच्या नवसाचं, मटण नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी उष्टं करत नाही, रांधणारा भटारीसुद्धा नाही. केडगावचे चांदभाई तीस वर्षं असंच न चाखता कंदुरीचं रांधत आले होते. मिरजगावला गहिनीनाथांच्या घरच्या आधीच्या दोन कंदुऱ्याही त्यांच्याच हातच्या. नातू समर्थ मोठ्या दुखण्यातून उठला म्हणून ही तिसरी. पण त्या दोन्ही वेळी डेगेपाशी उभा असलेला माणूस एकशेबारा किलोचा होता. त्याचं पोट बघूनच खाणाऱ्याला भरवसा यायचा. आज त्या जागी गालफडं बसलेला, सदरा खांद्यावरून उतरलेला कुणी भलताच उभा होता, आणि वाळलेल्या भटाऱ्याच्या हातचं मटण कसं लागणार ही शंका गहिनीनाथांना सकाळपासून खात होती. त्याहून मोठी शंका विचारायला त्यांनी चांदभाईंना लिंबाखाली बाजूला घेतलं.

“चांदभाई, खरं सांगा. काय दुखणं हाय?”

“दुखणं गेलं, अण्णा. आता काय बी न्हाई.”

मग चांदभाईंनी सगळं सांगितलं. हे त्यांनी गेल्या दहा महिन्यांत इतक्या वेळा सांगितलं होतं की त्याला आता कीर्तनासारखी चाल लागली होती. पहाटेची नमाज झाली की बायपासच्या बाजूला तासभर चालायचं. चहा बिनसाखरेचा. जेवताना एक भाकरी, पालेभाजी, मुगाची डाळ, भात बंद, आणि दुसऱ्याच्या मांडवात रांधलेल्याचा कणही तोंडात घालायचा नाही. रांधायचं सगळ्यांसाठी, पण सगळंच पिराचं समजून चाखायचं नाही. पहिला महिना जड गेला. घरात सगळे झोपले की पाय आपोआप फ्रिजकडं वळायचे, दार उघडायचं, आणि तसंच लावून माघारी यायचं. इथं आले की चांदभाई थोडे थांबत आणि बोटानं कपाळाला टिचकी मारत. मनावर घ्यावं लागतं, अण्णा, मनावर घेतलं की जीभ गपगुमान ऐकते. गहिनीनाथांनी मान हलवली आणि नकळत आपलं पोट आत घेतलं.

एक गोष्ट मात्र चांदभाई कुणाला सांगत नसत. गेल्या वर्षी त्यांचे थोरले भाऊ साखरेनं गेले. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग माणूस. जनाजा उचलला तेव्हा चांदभाई पुढं होते, पण चाळीस पावलांवर त्यांचा श्वास फुलला आणि भावाच्या जनाज्याचा खांदा दुसऱ्याच्या हवाली करून त्यांना रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. कबरस्तानात ते सगळ्यांच्या मागून पोहोचले. त्याची लाज त्यांना आजही वाटत होती. डॉक्टरनं साखर त्यांनाही आहे असं सांगितलं त्या दिवशी त्यांनी ठरवलं, आपण असं जायचं नाही.

नैवेद्य दाखवला, पंगत बसली, आणि पहिल्याच घासाला गहिनीनाथांचा चेहरा उजळला. मीठ जिथल्या तिथं होतं. चार वाजता भांडी टेम्पोत चढली, तेव्हा गहिनीनाथांच्या मंडळी रतनबाईंनी रिवाजाप्रमाणं भटाऱ्याचा वाटा आणून दिला. पाच लिटरचा स्टीलचा डबा, गच्च भरलेला, वर तांबड्या तर्रीचा थर. निवडक फोडी स्वतः काढल्यात, असं त्या म्हणाल्या. चांदभाईंनी डबा दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. आपण तोंडात घालणार नाही हा भाग वेगळा, पण वाटा हा भटाऱ्याचा मान असतो. ज्याच्या हाताला चव नाही त्याला मजुरी मिळते, वाटा मिळत नाही. बाकी सगळं सोडलं तरी हे सोडायचं त्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि शरिफाला, त्यांच्या बायकोला, आवर म्हणून सांगितलं. सहा वाजता शहरात डॉक्टरबाईंकडं जायचं होतं. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला होता आणि तो बघायची चांदभाईंना शाळेतल्या पोरासारखी घाई झाली होती. शरिफाचे गुडघेही दुखत होते, एकाच फेरीत दाखवून होईल. घरात आता ही दोघंच. परवेझ पुण्याला कंपनीत, अर्शी सासरी. शरिफानं बुरखा घातला, डबा आणखी आत सरकवून ठेवला आणि जिन्याच्या सात पायऱ्या कठड्याला धरून एकेक करत उतरली. खाली स्कूटर चालू करून बसलेल्या चांदभाईंनी दोनदा हॉर्न वाजवला.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढून चांदभाईंकडं बघितलं. असा रिपोर्ट त्यांना क्वचितच बघायला मिळत होता. वजन अठ्ठ्याऐंशी. गोळी अर्धी केली. आणखी पाचेक किलो कमी झालं तर बरं, हत्ती गेला आणि शेपूट राहिलंय, असं त्या हसून म्हणाल्या. तुम्ही काय काय करता ते माझ्या पेशंटना एकदा येऊन सांगा, असंही म्हणाल्या. चांदभाई संकोचल्यासारखं करत होते, पण बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना हे ऐकू जातंय ना, इकडं त्यांचं अर्धं लक्ष होतं.

मग शरिफाचे गुडघे. डॉक्टरबाईंनी आधी वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं. गेल्या वर्षी चांदभाईंबरोबर आली तेव्हा तिचंही वजन केलं होतं, कार्डावर त्रेसष्ट लिहिलेलं होतं. आता काटा अठ्ठ्याहत्तरला थांबला. डॉक्टरबाईंनी तिला उतरून पुन्हा चढायला लावलं. काटा तिथंच आला. बोटातून रक्त काढून साखर बघितली, तीही जास्तच निघाली.

“एका घरात राहता तुम्ही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “जरा यांच्याकडून शिका की.”

“मी रोज सांगतो,” चांदभाई म्हणाले. “ऐकत न्हाई.”

शरिफा चप्पल शोधत होती, खाली वाकायला तिला त्रास होत होता, आणि चांदभाईंनी ती पायानं तिच्याकडं सरकवली.

परतताना त्यांना रागच आला होता. लोक म्हणणार, जगाला शहाणपण सांगतो आणि याच्या घरात बघा. रेल्वे पुलापर्यंत ते मागं बघत तिला सांगत राहिले, उद्यापासून पहाटे उठायचं, चहा बंद, भात बंद.

घरी पोहोचल्यावर शरिफानं त्यांची एक भाकरी भाजली, मेथीची भाजी वाढली, डाळ वाढली. चांदभाई जेवले. हात धुऊन ते आत आले तेव्हा ती ओट्यापाशी पाटावर बसली होती आणि तिच्यासमोर रतनबाईंनी दिलेला डबा उघडा होता. हातात भाकरी होती. ती हळूहळू खात होती. पंगतीत माणसं मिटक्या मारत खातात तसं ते नव्हतं. काम उरकावं तसं ती खात होती.

चांदभाई दारातच थांबले. तीस वर्षांत त्यांनी हजारो माणसांना आपलं मटण खाताना बघितलं होतं. कुणाला आवडलं आणि कुणी मनाविरुद्ध खातंय हे त्यांना पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळखता यायचं. घरात मात्र त्यांनी कधी बघितलं नव्हतं, कारण जेवण झालं की ते शतपावली करायला खाली जात; आज रागाच्या भरात ते राहून गेलं होतं.

“आत्ताच डॉक्टरबाई काय म्हणल्या?” त्यांनी विचारलं. आवाज चढवायचा होता, पण तो चढला नाही. “कशाला खाती एवढं?”

“मग कोण खाणार?”

तिनं हे वर न बघताच विचारलं, भांडायच्या सुरात नाही. चांदभाईंनी सुचेल ते सांगितलं. शेजारी द्यावं, उद्यासाठी ठेवावं, नाहीतर टाकावं. एका बाजूला माळकरी, दुसऱ्या बाजूला मारवाडी, ती म्हणाली, मटणाचा डबा घेऊन कुणाच्या दारात उभी राहू. आणि पिराचं अन्न गटारीत टाकायला तिचा हात उठत नव्हता. लगीनसराईत आठवड्याला चार चार डबे आले, तेव्हाही उठला नव्हता.

“मग फ्रिजात ठेवायचं व्हतं.”

आता तिनं वर बघितलं.

“पैल्या महिन्यात तुमी उठून फ्रिज उघडायचे,” ती म्हणाली. “मी जागी असायचे. पैल्यांदा उघडला तवा आत मटणाचा दालचा व्हता, तुमी उभ्यानं निम्मा खाल्ला आन् सकाळी आठवण न्हाई असं दाखवलं. म्हून दुसऱ्या दिवसापास्नं मी ठेवायचंच बंद केलं. तुमी जेवून खाली गेले की आलेलं सगळं संपवायचे.”

चांदभाईंना तो दालचा आठवला. ते त्याला साफ विसरले होते. त्यानंतर कितीतरी वेळा फ्रिज उघडल्याचंही आठवलं, आतला पिवळा दिवा, दुधाचं पातेलं, दोन लिंबं, आणि बाकी रिकामी फळी. दार लावून ते माघारी फिरायचे आणि अंथरुणावर पडताना छाती कशी फुगायची. आपण जिंकलो, असं वाटायचं. तेवढीच गोष्ट त्यांनी गावोगाव सांगितली होती, आजच मिरजगावला लिंबाखाली कपाळाला टिचकी मारून सांगितली होती. त्यांना तोंड कुठं लपवावं ते कळेना.

“सांगायचं तरी,” ते म्हणाले.

“सांगितलं असतं तर तुमी म्हणाले असते, आण, मी खातो थोडं. तुमच्या भावाचा पाय म्या धुतलाय. मला तुमचा धुवायचा न्हवता.”

ते तिच्यासमोर खाली बसले. काही सुचत नव्हतं, आणि जे सुचलं ते त्यांनी केलं. तिच्या हातातल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि डब्याकडं हात नेला. तिच्या वाट्याचं आजच्या दिवस तरी आपण संपवावं, एवढाच त्यांचा विचार होता.

शरिफानं झाकण लावलं. त्यांचा हात मधेच अडला.

“मग दहा महिने म्या खाल्लं ते कशाला?” ती म्हणाली.

चांदभाईंनी तो कोरडा तुकडा खाली ठेवला. मग उठून त्यांनी टेम्पोवाल्या कानिफनाथला बोलावलं. तो मागच्याच गल्लीत राहत होता आणि त्याच्या घरात सात खाणारी तोंडं होती. दहा महिन्यांत हे कसं सुचलं नाही, याचं त्यांना आता नवल वाटलं. वाटा घराबाहेर द्यायचा नसतो असं वडील म्हणायचे, आणि वडलांचं त्यांनी तेवढं एक पाळलं होतं. कानिफनाथ डबा घेऊन गेला. जाताना त्यानं दोनदा मागं वळून बघितलं; चांदभाई वाटा देतात हे त्याला खरं वाटेना.

रविवारी श्रीगोंद्याला आबासाहेबांच्या नातीचं जावळ होतं. चांदभाईंनी त्यांना फोन लावला. बोकड किती, लाकूड बाभळीचंच हवं, पाणी जवळ असावं, असं नेहमीचं बोलून झालं. मग घसा साफ करून त्यांनी सांगितलं की या खेपेपासून माझा वाटा काढू नका. आबासाहेब जुना माणूस, वाटा नाकारणं म्हणजे काय ते त्यांना कळत होतं. आमचं काही चुकलं का, असं त्यांनी विचारलं.

“तुमचं न्हाई वो,” चांदभाई म्हणाले. “आमच्या घरात आता खाणारं कुणी न्हाई.”

आबासाहेब घाबरले. त्यांचा आवाज फोनबाहेर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला.

“म्हणजे? भाभी हायेत ना?”

शरिफा ओटा पुसायची थांबली होती. चांदभाईंनी तिच्याकडं बघितलं. सुजलेली पावलं, दंडाला घट्ट बसलेली कुडत्याची बाही, मनगटात रुतलेल्या बांगड्या. एवढं सगळं रोज समोर होतं. पलीकडून आबासाहेब हॅलो हॅलो म्हणत राहिले.

“हाय,” ते म्हणाले. “माझंच ध्यान न्हवतं.”