एका रात्रीत निवळलेलं तळं

पुंजाबाबांचं शेततळं चार दिवसांत निवळेल, असं रोहिणीनंच सांगितलं होतं. नाशिकच्या कॉलेजात तिचं संशोधन याच विषयावर होतं. बुरशीच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या हिरव्या पाण्यात सोडायच्या. पाणी हिरवं करणारे सूक्ष्म जिवाणू त्यांना चिकटतात आणि सगळा गठ्ठा तळाशी बसतो. प्रयोगशाळेत चार दिवस लागत. इथं काल दुपारी गोळ्या सोडल्या आणि आज सकाळी तळ दिसत होता.

"पोरी, जादूच केलीस की!" पुंजाबाबा हरखले. त्यांनी मोटार चालू केली आणि हौद भरायला घेऊन म्हशी सोडायला गोठ्याकडे गेले.

रोहिणीला मात्र चैन पडेना. काल गोळ्या टाकून भरलेली याच तळ्याच्या पाण्याची बाटली तिच्या पिशवीत होती, आणि ती अजून हिरवीगार होती. तिनं काठावरून एक गोळी उचलली. डिंकात बुडवल्यासारखी बुळबुळीत. असा चिकटा तिनं एकदाच पाहिला होता, पाण्यात अँटिबायोटिक मिसळलं तेव्हा.

"काकू, काल मी गेल्यावर तळ्यात काही पडलं का?"

बाबांच्या पत्नी कुसाबाई बावरल्या. "कोंबड्या आजारी व्हत्या ना. आमच्या सोमनाथनं औषधाचं उरलेलं पाणी वतलं सांजच्याला. दोन टाक्या."

रोहिणीच्या ध्यानात आलं. औषध थोडं असलं की ते जिवाणू चिकट होऊन भराभर गोळा होतात. जास्त झालं की फुटतात, आणि त्यांच्यातलं विष पाण्यात उतरतं.

ती हौदाकडे धावली. चांदी म्हशीनं तोंड घातलंच होतं. रोहिणीनं दाव्याला हिसका दिला आणि हौदात हात घालून तळाचं बूच उपटलं.

"येडी झालीस का?" बाबा ओरडले. "तूच म्हणलीस ना, निवळंल!"

"हो, मीच म्हणाले. पण हे माझ्या गोळ्यांनी नाही, कोंबड्यांच्या औषधानं निवळलंय, बाबा. यात विष असू शकतं."

आरडाओरडा ऐकून मुलगा सोमनाथ आला. "दोन टाक्यांनी काय व्हतंय?"

"मला नक्की माहीत नाही, दादा. म्हणूनच पाजू नका."

बाबा म्हशी घेऊन गोठ्याकडे वळले.

रोहिणीनं त्याच दिवशी तळ्याचं पाणी तपासणीला दिलं. तिसऱ्या दिवशी अहवाल आला. पाण्यात विष होतं. रोहिणीनं बाबांना फोन करून सांगितलं.

"चांदीनं दोन घोट घेतले व्हते," बाबा म्हणाले. "कालपासून रवंथ करीत नाय, उठतबी नाय. डॉक्टर बसलाय."

"मी येते."

"ये."

चांदी पाचव्या दिवशी उभी राहिली. तळ्याचं पाणी मात्र त्या उन्हाळ्यात कुणी वापरलं नाही. सोमनाथनं स्वतः मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं.